वरची पुढची सीट

डॉक्टरताई बसमध्ये कधी खाली बसल्या नाहीत. ओंगार या आमच्या आयरिश उपनगरातून शहरात जाणाऱ्या डबल डेकरमध्ये त्यांची जागा ठरलेली: वर, अगदी पुढच्या काचेशी. शेजारच्या सीटवर बॅग. आपलं कुणी जिना चढून आलं की बॅग मांडीवर घ्यायच्या आणि म्हणायच्या, "या, जागा आहे." मग हॉस्पिटलचा स्टॉप येईपर्यंत खणखणीत नागपुरी गप्पा.

मागच्या उन्हाळ्यात बसमध्ये आपल्या भारतीय लोकांना शिव्या, धक्के, अंगावर थुंकणं सुरू झालं. मी इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. ग्रुपवर सूचना मीच टाकली: वर बसू नका, ड्रायव्हरजवळ राहा, मराठीत बोलू नका. सगळ्यांनी अंगठे पाठवले. ताईंनी फोन केला.

"सेक्रेटरीसाहेब, काळ्यांनी मागं बसा, अशी पाटी गोऱ्यांना निदान स्वतः लावावी लागायची. इथं तर आपणच लावून राहिलो बाप्पा."

मी हसून विषय टाळला.

महिनाभरात टवाळ पोरांनाही ती सूचना कळली, न वाचता. एका संध्याकाळी खाली ड्रायव्हरमागे बसून मी वरचा आवाज ऐकला. "तुम्ही लोक आता खाली बसता ना? मग ऊठ."

"आय अ‍ॅम ग्रँड हिअर, थँक्स." ताईंचा आवाज, इथल्या बोलीत: मी इथंच बरी आहे. मग खिदळणं.

ताई खाली आल्या तेव्हा केसांतून कोक गळत होता. ड्रायव्हर रस्त्याकडे बघत होता, मी फोनकडे. संतापानं कान तापले होते माझे. त्या संतापाचं कुणाला काय करायचंय?

"शनिवारी सगळे वर बसू," त्या म्हणाल्या. "मंडळाला कळवा. याल ना?"

"बघतो."

कुणालाच कळवलं नाही. शनिवारी मी कार काढली. सिग्नलला समोरून आलेली बस उभी, वरच्या काचेत ताई, एकट्या. त्यांनी मला पाहिलं. शेजारची बॅग उचलून मांडीवर घेतली. सिग्नल सुटला आणि मी डावीकडे वळलो.

ताई आता दूर एनिस गावच्या हॉस्पिटलमध्ये नोकरीला आहेत. निरोपाच्या जेवणात त्यांनी मला पुरणपोळी आग्रहानं वाढली. त्या शनिवारचा शब्द काढला नाही. मीही नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

हल्ली मी वर बसतो, पुढच्याच सीटवर. भीती वाटते, तरी बसतो. परवा खालून आपलं कुणीतरी बोलताना ऐकलं, "वर नको गं, वर नाही बसायचं आपण." माझीच सूचना, आता त्यांच्या तोंडून. मी बॅग मांडीवर घेतली आणि जिन्याकडे वळून हाक मारली, "या, जागा आहे."