भनपुरीला मी एकटाच गेलो होतो

दिवाकर गेल्याचं मला चक्कीवर कळलं. गव्हाचा डबा तराजूवर ठेवलेला, समोर पट्टा घरघरत होता, आणि शोभावहिनींचा फोन आला. काही ऐकूच येईना. मी ओरडलो, "काय म्हणता वहिनी? जोरात बोला!" आणि त्या बिचारीला आपला नवरा गेल्याचं दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा ओरडून. सहा आठवडे झाले, पण ते काही मनातून जात नाही. फोन कुठं उचलावा एवढी अक्कल माणसाला नको? बाहेर रस्त्यावर यायला चार पावलं लागली असती... ती मी टाकली नाहीत.

तसा अचानक गेला असं नाही. दीड वर्ष अंथरुणाला होता, प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांत उतरलेला. पण दीड वर्ष वाट पाहिली म्हणून माणूस तयार होतो असं जे म्हणतात ना, ते सगळं झूठ आहे. मी तयार नव्हतो. अजून नाही.

आमची ओळख नोकरीतली. त्याचे वडील रेल्वेत, नागपूरहून बदलून आलेले ते इथलेच झाले. आमचं घर तात्यापारा मोहल्ल्यातलं, भोसल्यांच्या काळापासूनचं. छत्तीसगढचं नवीन राज्य झालं तेव्हा मंत्रालय एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरलं. आमचा सेक्शन बसायचा तो पूर्वीचा वॉर्ड. भिंतीवर 'कृपया शांति रखें' तसंच रंगवलेलं होतं आणि त्याच्याच खाली बसून दिवाकर दिवसभर खो-खो हसायचा. फायलींचे गठ्ठे मोकळे व्हायचे होते, टेबलं अपुरी होती, अर्धे लोक भोपाळहून बायकापोरं सोडून आलेले आणि वैतागलेले. त्यांना हसवायचं काम यानं आपणहून अंगावर घेतलं होतं. नकला करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. साहेब कसे शिंकतात, चपराशी साहेबांना कसा टाळतो, मी फाइल नाकाशी धरून कशी वाचतो, सगळं हुबेहूब.

आणि हाच माणूस कोणाच्याही दुखण्याला पहिला हजर. ऑफिसात कोणाला चक्कर आली, कोणाच्या सासऱ्याचं ऑपरेशन निघालं, की हा स्कूटर काढणार. माझी बायको सुमन इस्पितळात होती तेव्हा अकरा दिवस तो बाहेरच्या बाकावर माझ्याजवळ बसून होता. नक्कल नाही, हसणं नाही, नुसता बसून. ती गेल्यावर घरात मी एकटा. मुलगा बंगलोरला, फोनवर मी मराठीत विचारतो आणि तो हिंदीत उत्तर देतो, "पापा, आप यहीं आ जाओ ना." कामवाली छत्तीसगढी बोलते, भाजीवाला हिंदी. दिवसभरात माझ्या तोंडून मराठी निघायची ती फक्त दिवाकरशी. संध्याकाळी फाटकाची कडी वाजायची आणि बाहेरूनच आवाज, "काय बे अनंता, काय करून राहिला?" आता सकाळी देवापुढं दोन श्लोक म्हणतो. तेवढीच मराठी.

पुढं मंत्रालय नव्या राजधानीत गेलं आणि आमच्या नशिबी स्टाफ बस आली. सकाळी तास, संध्याकाळी तास, दोन्हीकडं मोकळं माळरान. वेळ घालवायचा कसा? दिवाकर होताच. आमच्या बसमध्ये एक वयस्क बाबू होते, अगदी सज्जन. त्यांना लघवीचा त्रास सुरू झाला म्हणून ते डॉक्टरकडं गेले, आणि डॉक्टरनं बोट घालून प्रोस्टेट तपासली. साधी तपासणी, मिनिटभराची. भोळेपणानं त्यांनी ती गोष्ट दिवाकरला सांगितली. झालं! दुसऱ्या दिवशी बसमध्ये उभं राहून यानं त्याची नक्कल केली. डॉक्टर हातमोजा कसा चढवतो, बाबू डोळे मिटून हनुमानचालीसा कशी म्हणतात... अख्खी बस लोटपोट. मीही हसलो, खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. महिनाभर ती नक्कल चालली. बाबूंनी बस सोडली आणि भर उन्हात स्कूटरनं एवढ्या लांब यायला लागले. त्याचंही आम्हाला काही वाटलं नाही.

वर्षभरानं दिवाकरच पहिल्या बाकावर बसायला लागला, ड्रायव्हरच्या मागं. नेहमीची आमची जागा मागची. मी विचारलं तर म्हणाला, "मागे गचके बसतात बे." पण मग अर्ध्या रस्त्यात तो वाकून ड्रायव्हरच्या कानाशी काहीतरी बोलायचा. ड्रायव्हर म्हणायचा, "हव साहब," आणि गाडी बाजूला घ्यायचा. दिवाकर उतरून झुडपाआड जायचा, आणि बराच वेळ लागायचा. परत चढताना काहीतरी चुटका सोडून द्यायचा. पाणी जास्त झालं, थंडी आहे, शुगर असेल, वय झालं. कारणं रोज नवी होती.

त्याच सुमारास मलाही तोच त्रास सुरू झाला. रात्री चार-चार वेळा उठणं, आणि उठूनही धड होत नाही. मुलगा फोनवर मागंच लागला. मग मी काय केलं, तर तात्यापाऱ्यात पावलापावलावर लॅब असताना रजा टाकून ऑटोनं भनपुरीला गेलो. तिकडं कारखाने, ट्रकांच्या रांगा, ओळखीचं कुत्रंसुद्धा भेटणार नाही. पीएसए नावाची रक्ताची तपासणी असते, ती केली. आकडा जरा जास्त आला. मग डॉक्टर, आणि तीच ती बोटाची तपासणी. दुखलं नाही. लाज वाटली, आणि कपडे नीट करेपर्यंत तीही गेली. डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेट वाढलेली वाटते, वाढ साधीच असावी, पण औषध घेऊन काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासू. ते आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. रात्री सुमनच्या फोटोशी बोलायचो. सकाळी बसमध्ये दिवाकर विचारायचा, "तोंड काहून उतरलं बे?" मी म्हणायचो, "ॲसिडिटी." शेवटी आकडा उतरला, साधी वाढ निघाली, रोज एक गोळी, दरवर्षी तपासणी. त्या दिवशी भनपुरीच्या चौकात उभं राहून मी एकट्यानं अर्धा पाव जिलेबी खाल्ली.

आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसमध्ये त्याच्या मागच्या बाकावर बसलो. गाडी थांबली, तो उतरला. खिडकीतून मला त्याची पाठ दिसत होती. कोणती तपासणी, कुठं, कोणता डॉक्टर, किती वेळ लागतो, सगळं सगळं मला ठाऊक होतं. तोंडात शब्द आले होते हो! पण तो चढला, काहीतरी बोलला, बस हसली, आणि मला हातमोज्याची ती नक्कल आठवली. उद्या माझी होईल. 'अनंता भनपुरीला' म्हणून होईल. मी एवढंच म्हटलं, "एकदा दाखवून घे." तो म्हणाला, "हाव, घेऊ ना." आणि विषय संपला. असं मी त्याला पुढच्या दोन वर्षांत चार-पाच वेळा म्हटलं असेन. दाखवून घे. कोरडं, परक्यासारखं. भिंतीवर पाटी लावावी तसं.

निवृत्तीनंतर त्याची कंबर धरली. तो म्हणाला बसचे गचके, इतकी वर्षं कोणाला सुटलेत? पट्टा बांधला, मालिश केली, कोण्या वैद्याचा लेप झाला. एक दिवस न्हाणीतून बाहेर पडताना पाय उचलेना तेव्हा इस्पितळात नेलं, आणि तिथं सगळं उघड झालं. डॉक्टरांना मी एकटं गाठून विचारलं, आधी आला असता तर? ते म्हणाले, नक्की कोणी सांगू शकत नाही, पण लवकर कळलं तर पुष्कळ लोक वाचतात. पुष्कळ लोक... मी जिन्यातच बसलो.

शेवटच्या भेटीत तो अगदी वाळला होता. आवाज तेवढा जुना होता. मला जवळ बोलावून म्हणाला, "अनंता, तू रात्री उठतो का बे?"

"एखाद्या वेळी."

"दाखवून घे मग. माझ्यासारखा गधेपणा करू नको. एवढंसं रक्त घेतात फक्त. मले प्रॉमिस कर."

मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, "जातो. येत्या सोमवारी जातो." मरणाऱ्या माणसाशी मी खोटं बोललो. त्याला बरं वाटलं, डोळे मिटले त्यानं. मला ते तोंड अजून दिसतं.

मागच्या आठवड्यात वहिनींकडं गेलो होतो, फॅमिली पेन्शनचा फॉर्म भरायला. या कामात मी मुरलेला. त्या कागद एकेक पुढं करत होत्या, मी लिहीत होतो. मधेच त्या म्हणाल्या, "मी किती मागे लागली होती भाऊजी, बस थांबवून उतरत होते तेव्हापासून. दवाखान्यात चला, दवाखान्यात चला. काय म्हणत माहीत आहे का? म्हणत, अनंता गेला का? तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे, हुशार आहे, जायची वेळ आली की तो आधी जाईल. तो गेला की मी त्याच्या मागं जातो. यांनी घर बांधलं ते तुम्हाला विचारून, पोरीचं स्थळ पाहिलं ते तुम्हाला विचारून. याच्यातही तुमचीच वाट पाहात राहिले."

माझा पेन थांबला. वाटलं, गप्प बसावं. गप्प बसण्यात मी आता तरबेज झालो होतो, आणि आता सांगून कोणाचं काय भलं होणार होतं? पण नाही राहवलं. मी सगळं सांगितलं. भनपुरी, रक्त, डॉक्टर, जिलेबी. सोमवारचं खोटं वचनही सांगितलं.

वहिनींनी हातातले कागद सारखे केले. रडल्या असत्या, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं असतं तर ते हसले असते भाऊजी. बसमध्ये नक्कलही केली असती. पण दुसऱ्या दिवशी गेले असते."

त्यांनी पुढचा कागद सरकवला. "मले सांगून आता काय होते? पेपरात लिहा. इतके माणसं तोंड दाबून बसले आहेत, त्यांना सांगा. आणि नाव घालून लिहा."

मी म्हटलं, "दिवाकरचं नाव... तुम्हाला चालेल?"

"त्यांचं तर सगळ्यांना माहीत आहे," वहिनी म्हणाल्या, "तुमचं घाला."

तर माझं नाव अनंत. वय अडुसष्ट. मला लघवीचा त्रास आहे, रात्री उठावं लागतं. मी रक्ताची तपासणी केली आहे आणि बोटाचीही केली आहे, दरवर्षी करतो. प्रत्येकाचा त्रास म्हणजे कॅन्सर नसतो, माझा नव्हता. त्रास काहीच नसतानाही कॅन्सर असू शकतो म्हणतात, म्हणून पन्नाशी ओलांडली असेल तर डॉक्टरांना एकदा तोंड उघडून विचारा. हसायचं असेल त्यांनी हसून घ्यावं. लाज वाटत असेल, कोणाला सोबत न्यावं हे सुचत नसेल, तर तात्यापाऱ्यात कोणालाही माझं घर विचारा. मी दिवसभर रिकामा असतो. बाहेरच्या बाकावर बसेन.