शनिवारचं लॉगबुक

आईचा फोन आला तेव्हा मी सिंगापूरमध्ये, पाया लेबारच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. दोनदा तो कापला. तिसऱ्यांदा पॅसेजमध्ये जाऊन घेतला, तर आई एवढंच म्हणाली, "अनू, मामा गेला." हार्बरफ्रंटला त्याच्या ऑफिसच्या लिफ्टजवळ तो खाली बसला आणि उठलाच नाही. वय बासष्ट. हे लिहायला मला दोन महिने लागले, कारण त्या क्षणी मनात पहिलं आलं ते दुःख नव्हतं. मी दिवस मोजले. माझ्या मोठ्या बहिणीच्या, नेहाताईच्या साखरपुड्याला दहा दिवस उरले होते, आणि तो झाला की मामाला एक गोष्ट सांगायची होती...

मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ. मरीन इंजिनियर. वीस-बावीस वर्षं जहाजांवर काढली, मग सिंगापूरला किनाऱ्यावरची नोकरी धरली. लग्न केलं नाही. जुरोंग ईस्टच्या त्याच्या फ्लॅटवर मी लहानपणापासून दर शनिवारी जायचे, आधी मराठी शिकायला. कारण माझी शाळा इंग्रजी आणि घरातही मी उत्तरं इंग्रजीतच द्यायचे. तीही मोजकीच. "ही एमआरटी ट्रेनमधल्या अनाउन्समेंटसारखी आहे," तो सगळ्यांना सांगायचा, "स्टेशन आलं की बोलते." मी मोठी झाल्यावर मराठीचा तास संपला आणि त्याच टेबलावर दुसरं काम सुरू झालं. मामा त्याच्या आजीच्या बापाला शोधत होता.

ती गोष्ट घरात फक्त त्याला आणि आईला माहीत होती, आणि आता मला. त्यांची आजी पुण्यातल्या एका मिशनच्या अनाथाश्रमात वाढली. तिथे तिचं नाव मेरी एलन होतं. एका शाळामास्तरांनी तिच्याशी लग्न केलं, नाव बदललं, आणि पुढे त्यावर कोणी बोललं नाही. आमच्या घरात सगळ्यांचे डोळे घारे. लोक म्हणतात, कोकणस्थ ना, असणारच. आम्हीही हसून मान डोलावतो. पण आजीने म्हातारपणी मामाला सांगितलं होतं की तिचा बाप कॅम्पातला आयरिश शिपाई होता, हॅनलन त्याचं आडनाव, "आणि त्यानं मला टाकली." मामा तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता. ते वाक्य त्याला पुढे कायम छळत राहिलं. त्या माणसाने तिला खरोखर टाकली होती का, एवढंच त्याला हवं होतं.

आयर्लंडची माणसं शोधणं म्हणजे उरलेल्यात शोधणं. तिथल्या यादवीत डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जळाला, त्यात बऱ्याच जुन्या जनगणना गेल्या. वाचल्या त्या १९०१ आणि १९११ च्या, शिवाय खेड्यांतल्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या लॅटिन नोंदी आणि कोण किती जमीन कसतं याच्या सरकारी याद्या. यातलं पुष्कळ आता घरबसल्या स्क्रीनवर दिसतं. पण हॅनलन जिकडे तिकडे. गाव कळल्याशिवाय आपला कुठला हे ठरेना. म्हणून आम्ही ब्रिटिश फौजेतून पेन्शनीवर गेलेल्या शिपायांचे कागद एकेक करून बघत होतो. कित्येक पानांवर शाई इतकी उडालेली की मामा स्क्रीनला भिंग लावायचा. "मामा, झूम करता येतं," मी म्हणायचे. "मला नाही येत," तो म्हणायचा, आणि भिंग तसंच.

या सगळ्याची नोंद जहाजाच्या जुन्या, कोऱ्या इंजिन लॉगबुकात व्हायची. पानांवर छापील नंबर. तारीख, काय पाहिलं, काय मिळालं, पाहणाऱ्याची सही. आणि पानाच्या तळाशी चीफ इंजिनियरची चौकट, तिथे मामाची सही. काही मिळालं नाही तर 'निल' लिहायचं. इंजिनरूमचा नियम त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. चुकलं तर एकच सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही. "ओळ रिकामी राहिली तर मी विचारीन," तो म्हणाला होता, "पण न बघता भरलेल्या ओळीवर जहाज बुडतं."

मार्चमध्ये ताईचं रोहितशी ठरलं. व्हिडिओ कॉलवर पुण्याहून रोहितच्या आईने ताईला बघून म्हटलं, "डोळे अगदी आपल्यातले." आई हसली, पण फोन ठेवल्यावर माझ्या खोलीत आली. "तुमचं ते शोधणं... काही मिळालं तर आधी मला सांग. मामाच्या पोटात काही राहत नाही. सापडलं की तो फॅमिली ग्रुपवर टाकणार, फोटोसकट."

"टाकू दे की."

"साखरपुडा होऊ दे, मग टाकू दे."

पुढच्याच शनिवारी ते सापडलं. मामा खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांवर, कोपी म्हणजे इथली कॉफी आणायला गेला होता. मायकेल हॅनलन, प्रायव्हेट, म्हणजे साधा शिपाई. जवळच्या नातेवाइकांच्या रकान्यात आधी त्याची आई, एलन, गॉलवेतलं एक खेडं. त्याखाली वेगळ्या शाईत दुसरी ओळ: मुलगी, मेरी एलन, पूना.

पेन्शन घेऊन तो आयर्लंडला परत गेला होता, म्हणजे तिला सोडून गेला हे खरंच. पण नाकारलं नव्हतं. स्वतःच्या आईचं नाव तिला दिलं होतं आणि सरकारी कागदावर मुलगी म्हणून तिची नोंद केली होती. मी ते तीनदा वाचलं. बाहेर मामाच्या चपला वाजल्या, मग दाराच्या लोखंडी जाळीचं कुलूप. मी पान बंद केलं.

"साखर कमी सांगितली तरी गोडच दिली त्या अंकलने," पिशवीची गाठ सोडत मामा म्हणाला. "काही?"

"निल."

"लिही मग."

मी लिहिलं. निल. बाजूला सही केली. मी गरम कोपी दोन्ही हातांत धरून बसले. तो म्हणाला, एसी कमी करू का.

घरी येऊन आईला सांगितलं. ती पलंगावर बसली, बोटांवर आठवडे मोजले. मग म्हणाली, "पाच आठवडे, अनू. मी स्वतः सांगेन त्याला."

पुढचे तीन शनिवार मी गेले. न जाणं संशयास्पद वाटलं असतं. आधीच पाहिलेली पानं उघडायची, वेळ काढायचा, निल लिहायचं... मामा शेजारी बसून भिंगातून बघायचा. तिसऱ्या शनिवारी त्याने लॉगबुक मागे उलटलं आणि बरोबर त्या ओळीवर बोट ठेवलं. "मायकेल हॅनलनांची ही यादी. हे सगळे बघून झाले ना? मला वाटतंय एकदा परत बघावेत."

मी स्क्रीनकडेच बघत राहिले. "झाले बघून."

त्याने भिंग खाली ठेवलं. "मग नको. तू लिहिलंस म्हणजे बघितलंस." पानाच्या तळाशी सही करायची राहिली होती, ती त्याने तेव्हा केली. मग मला एमआरटीपर्यंत सोडायला आला आणि गेटपाशी म्हणाला, "अनाउन्समेंट नाही आज?" मी हसले. त्याला मी पाहिलं ते तेच शेवटचं.

साखरपुडा पुढे ढकलला. तेराव्यानंतर मी ताईला सगळं सांगितलं. तिने माझ्यासमोरच रोहितला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे तुझा राग आयरिश आहे होय? मला वाटलं सदाशिव पेठी." त्याच्या आईला त्यानेच सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्या मामांना हे कळायला हवं होतं. मी हे इथे लिहिते आहे ते सगळ्यांना विचारून. ज्याला आम्ही घाबरत होतो ते बस्स, एवढंच होतं. एवढ्यासाठी मी त्याला चार शनिवार उपाशी ठेवलं.

गेल्या आठवड्यात फ्लॅट रिकामा करताना मी लॉगबुक घरी आणलं. आईने ते पान पाहिलं. माझं निल, आणि तळाशी त्याची सही.

"फाडून टाक ते," ती म्हणाली.

"नंबर आहेत पानांवर."

"मग दुसरं लिहू नकोस काही. तो थोडाच बघणार आहे आता..." ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज मात्र आला नाही.

मी पट्टी घेतली. त्या निलवर एक सरळ रेघ ओढली, खालचं वाचता येईल अशी. वर बारीक अक्षरात लिहिलं: मायकेल हॅनलन, मुलगी मेरी एलन, पूना. त्याच दिवशी पाहिलं, सांगितलं नाही. सही केली. पुढच्या तीन शनिवारांच्या निलवरही रेघ ओढली आणि लिहिलं, शोध घेतला नाही. आई केव्हा मागे येऊन उभी राहिली ते कळलं नाही. "दे इकडे," ती म्हणाली, आणि पहिल्या रेघेपाशी, माझ्या सहीच्या शेजारी, तिने आपली सही केली.

मग मी नवं पान उघडलं. तारीख घातली. आता गाव माहीत होतं, तेव्हा १९०१ ची जनगणना काढली. घर शोधायला वेळ लागला नाही. एलन हॅनलन, विधवा, वाचता येत नाही. आई स्क्रीनकडे वाकली, तिला अक्षर लागेना. मी तिच्या हातात भिंग दिलं. सगळं लॉगबुकात उतरवून मी सही केली. तळाची चीफची चौकट आईने बोटाने दाखवली, आणि मी मान हलवून नाही म्हटलं. ती रिकामी आहे.