उधाणाची सूज

माझा स्वभाव मुळातच भोचक. नर्सिंगला गेले तेव्हा आई म्हणाली होती, बरं झालं, आता लोकांच्या घरात नाक खुपसायचा पगार मिळेल. झालंही तसंच. पन्नास सालानंतरची गोष्ट. डोंबिवलीहून मी ठाण्याला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊ लागले. हृदयविकाराच्या ज्या रोग्यांना दवाखान्यापर्यंत येणं झेपत नसे, त्यांच्या घरी आठवड्याला एकदा जायचं, ब्लडप्रेशर मोजायचं, वजन घ्यायचं आणि काय खाल्लं-प्यायलं ते खोदून खोदून विचारायचं, हे काम माझ्याकडे आलं. मला आणखी काय हवं होतं!

त्यातले एक कोपरीकडच्या मिठागराचे म्हातारे आगरी. मी त्यांना आबा म्हणे. ब्लडप्रेशर भयंकर, पायांवर सूज, चार पावलं चालले की धाप. डॉक्टरांनी त्यांच्या तीन गोष्टी बंद केल्या: विडी, ओझं आणि मीठ. मिठागराच्या माणसाला मीठ बंद! मला हसू आलं, डॉक्टरांना नाही आलं. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, अंगात असंच पाणी साठत राहिलं तर हा माणूस यंदाचा पावसाळा बघणार नाही.

विडी आबांनी त्याच दिवशी टाकली. ओझ्याला मुलगे हात लावू देईनात. वजन आम्ही मिठाची पोती तोलायच्या काट्यावर करायचो. एका पारड्यात आबा मांडी घालून बसायचे, दुसऱ्यात वजनं, आणि आगरातल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मी आकडा वहीत लिहायचे. एखाद्या आठवड्यात वजन छान उतरायचं, सूज ओसरायची. पुढच्या खेपेला बघावं तर पाच पौंड वर आणि पाय पुन्हा टम्म.

माझं डोकंच फिरलं. नक्की ही बाई चोरून मीठ घालते, असं मी ठरवून टाकलं. ही बाई म्हणजे आबांची बायको. तिला मी मावशी म्हणे. मी सरळ चुलीपाशी गेले आणि तोंडावर विचारलं. मावशीने भाजी-भाकरी माझ्यापुढे ठेवली. एक घास घेतला, तो गिळवेना, इतकी अळणी. तरी माझं समाधान नाही. मी मडकी उघडली, सुकी मासळी शोधली, शिंक्यावर हात घालून पाहिला. काही मिळालं नाही तेव्हा म्हणाले, लपवलं असेल. मावशी उघडी मडकी पुन्हा झाकू लागली. आज आठवलं तरी लाज वाटते.

निघताना ती एवढंच म्हणाली की सूज अवसेला नि पुनवेला चढते, बाहेरचं काहीतरी असेल. मी तिला चांगलं फैलावर घेतलं. पण किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. घरी येऊन वही आणि पंचांग शेजारी ठेवलं, आणि हातातला चहा गार झाला. वजन चढलं होतं ते दर वेळी अमावास्येनंतर नाहीतर पौर्णिमेनंतरच. आता चंद्राचा आणि या माणसाच्या पायांचा काय संबंध?

पुढची अमावास्या झाली आणि दोन दिवसांनी, माझा वार नसताना, मी न सांगता गेले. आबा घरी नव्हते, आगरात होते. अमावास्या-पौर्णिमेलाच येणारं उधाणाचं पाणी आत घेतलेलं, मिठाचे वाफे भरलेले. आबा बांधावर बसून ओंजळीत पाणी उचलत, घोटभर तोंडात घेत, डोळे मिटत, गिळत आणि मुलाला सांगत, हे पुढच्या वाफ्यात सोड. मग सरकत पुढच्या वाफ्याकडे. जितकं पुढे तितकं पाणी जास्त खारट. मी गपचूप उभी राहून मोजत होते. उन्हं डोक्यावर येईतो अकरा घोट झाले.

"आबा, तुम्ही मीठ खाताय!" मी ओरडलेच.

त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं. "खातो कुठं, बाय? पानी बघतो."

पाणी पिकलं की नाही ते जिभेलाच कळतं. घाई केली तर मीठ धरत नाही, उशीर केला तर कडू होतं. सगळं आगर या एका जिभेवर चालत होतं, आणि तिला आबा खाणं समजतच नव्हते. मी म्हटलं, मग चव घ्या आणि थुंकून टाका. आबांचा चेहरा उतरला. मुलांनी माना खाली घातल्या.

"ज्याच्यावर पोट भरलं, त्याच्यात थुकू?"

मी डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं त्यांना सांगितलं. पावसाळ्याचंसुद्धा. ते म्हणाले, आपण नाही बघितलं तर बघणार कोण, आणि हात पुन्हा पाण्याकडे गेला.

तेवढ्यात आगरात पाट्या वाहणारी मावशी पुढे आली. तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली, वाफ्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं. हे आज नको, दोन दिवसांनी सोडा, म्हणाली. आबा चिडले, तुला काय कळतं म्हणाले. पण मुलांनी बांध फोडला नाही, आणि आबांचा हात मी धरून ठेवला होता.

त्या वाफ्याचं मीठ मोठ्या खड्याचं, पांढरंशुभ्र निघालं. पुढच्या पौर्णिमेला मुलांनी पाणी मावशीलाच चाखायला लावलं, आणि त्यानंतर काट्यावर पारडं जिथल्या तिथे राहिलं. सूज नाही. मला इतका आनंद झाला की मी मावशीला मिठीच मारली. मग विचारलं, तुम्हाला पाण्याचं एवढं कळलं कसं?

ती सहज म्हणाली, "यांचं मीठ बंद झालं, तवापासून मीबी अळनीच खाते. आता खडाभर मीठबी जिभेला कळतं."

आबा काट्यावरून उतरता उतरता थांबले. त्यांना हे माहीतच नव्हतं. ते जेवून उठले की मग ती जेवायला बसायची. तिचं ताट त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. अळणी खावं लागतं म्हणून रोज कुरकुर मात्र तिच्यापाशीच केली होती. आणि मी तर तिची मडकी उपसली होती. मी वाकून तिच्या पायांना हात लावला.

आबांनी चपला घातल्या, हळूहळू बांधापर्यंत गेले, पलीकडच्या वाफ्याकडे बघत उभे राहिले. मग मागे वळून त्यांनी बायकोला विचारलं, "ते कवा सोडू?"