लेकाच्या शहराची पांढरी कुठंय?

सेनगावकर मंडळी, आज सकाळपासून डोकं चालंना, म्हणून लिहून राहिले.

लेक अमेरिकेत हाय. म्हणतो, "आई, आता कायमची इकडंच ये." म्या म्हणलं, आधी तुझं गाव तर दाखव. मग नातीनं फोनवर जुने फोटो दाखवले. आधी नदीकाठी चार लाकडी घरं, मग रेल्वे आली, मग कारखाने, मग लाखानं माणूस.

म्या इचारलं, "तुमची पांढरी कुठंय? पयली घरं बसली ती जागा?"

"आजी, ती घरं पाडली. आता तिथं पार्किंग आहे."

"अन् माणसं?"

"लांब राहायला गेली. आम्ही पण लांबच राहतो."

"काहून? पूर आला का रोगराई?"

"नाही गं. घरोघरी मोटारगाड्या आल्या."

पांढरी सोडलेल्या गावाला आमच्याकडं बेचिराख म्हणतात. हे म्हणतात शहर वाढलं. लेक मधीच म्हणला, "तुला न्हाई समजायचं." बराबर हाय, म्या दुसरीतच शाळा सोडली.

उद्या त्याला हो का न्हाई ते सांगायचंय. ज्यांची लेकरं तिकडं हायेत त्यांनी खरं सांगा, घरातून पायी निघालेल्या म्हातारीला तिथं बसायला पयलं दार कुणाचं लागतं?