गिरजाआक्कांचा पाच

२० सप्टेंबर १९४४, दुपारी तीन वाजून पंचवीस मिनिटे. ही नोंद माझ्या वहीत आहे, कारण रसायनशास्त्राची पदवी मिळवूनही मला आकडा वाचता येत नाही, हे त्या क्षणी गिरजाआक्कांनी सिद्ध केले.

गिरजाआक्का परभणीतल्या माझ्या घरमालकीण. खाली त्यांचे भुसाराचे दुकान, वर पत्र्याखाली माझी खोली. सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा होईपर्यंत त्या कोणाशी बोलत नसत, नंतर दिवसभर एकच प्रश्न विचारीत, "आकडा काय हाय?" अक्षर एकही येत नव्हते, पण आकड्यावाचून कोणाच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसत नसे. मी खोलीत तापमापक टांगला आणि उष्म्याचा पुरावा त्यांच्यापुढे ठेवला.

"एकशे एक अंश, आक्का!"

"काल किती?"

"नव्व्याण्णव."

"मंग दोनच वाढले की. वरडायलात कशाला?"

मी पुण्याहून आलेली. निजामाच्या राज्यात गैरमुलकी, म्हणजे भाषा तीच असूनही परदेशी. मुलींच्या शाळेतली माझी विज्ञानशिक्षिकेची जागा वर्षाच्या करारावर होती. करारनामा उर्दूत. शाळेच्या मुन्शींनी तो वाचून दाखवला, तेव्हा समजल्यासारखी मान हलवणे मी सभ्यपणाचे मानले. करार संपण्याआधी ठरावीक दिवस मुदतवाढीचा अर्ज पोहोचला नाही, तर नोकरी गेली आणि शाळेने आक्कांकडे भाड्याने घेऊन दिलेली खोलीही गेली. त्या दिवसांचा आकडा मात्र मी स्वतः वाचला: एक उभी रेघ, पुढे वाटोळे. दहा. अक्षरे परकी असतील, आकडे तर माझेच होते.

करार ५ ऑक्टोबरला संपत होता. २५ सप्टेंबरला अर्ज देण्याचा तक्ता मी दोन रंगांच्या शाईत काढून भिंतीवर लावला होता. अर्जावर घरमालकाचा अंगठा लागे, म्हणून त्या दुपारी कागद घेऊन दुकानात उतरले.

आक्कांनी करारनामा डोळ्यांजवळ नेला. "आकडा काय हाय?"

"दहा."

"कोन म्हनलं?"

"मी वाचलंय, आक्का."

"ह्यो पाच हाय, बाई. इथलं शून्य ठिपका असतंय. गोळा मंजी पाच. पंधरा दिस!" पोत्यांवरच्या चिठ्ठ्यांनी त्यांना हे शिकवले होते. "कालिजात शून्य शिकवलं न्हाई का?"

मी ५ ऑक्टोबरमधून पंधरा दिवस वजा केले. उत्तर आजची तारीख आले. मी पुन्हा वजाबाकी केली. विज्ञान पडताळणी मागते.

"टांगा थांबलाय," आक्का अंगठा उमटवीत म्हणाल्या. "वाटंत मोजा."

अर्ज घेणारी शाळाखात्याची कचेरी चारला बंद होई. कारकून पेटीला कुलूप लावीत होते. "उद्या या." मी एक सुबक, नियमबद्ध वाक्य जुळवीत राहिले. आक्का पदर सावरून पुढे झाल्या.

"सायब, उद्या चौदा दिस ऱ्हातेत. घेत नसाल तर आमी आज आलतो म्हनून शिक्का मारून द्या."

कुलूप उघडले. अर्ज दाखल झाला: तीन वाजून बावन्न मिनिटे.

परतताना त्या म्हणाल्या, "तुमी गेला असता तर लय बरं झालं असतं. रोजचे अंश तर ऐकायला लागले नसते." टांगा दुकानाशी आला, तेव्हा म्हणाल्या, "पर नवी बाई काय मोजील, कोनाला ठाव."

मुदतवाढ मिळाली. माझा तक्ता त्यांनी दुकानात लावला आणि गिऱ्हाइकांना दाखवला, "ह्यो आमच्या बाईचा धा!" रोज संध्याकाळी माझ्याकडून उर्दू आकडे गिरवून घेतले.

१९४७च्या मे महिन्यात पुण्याला प्रयोगशाळेत जागा मिळाली. ट्रंक टांग्यात चढली आणि गुडघ्यांच्या भीतीने कधी जिना न चढणाऱ्या आक्का वर आल्या. तापमापकाकडे बोट करून म्हणाल्या, "शेवटचा लिहा की. आमच्या आकड्यात."

मी लिहिला. त्यांनी बोट फिरवून तपासला: रेघ, ठिपका, गोळा.

"आता कुटंबी जावा," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता जिना उतरू लागल्या.

परभणीच्या वहीतली ती शेवटची नोंद: ۱۰۵.