सव्विसावा मोती

मला मोती बघायला बू शाहीनांनी शिकवलं, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. आज मोती तपासायच्या प्रयोगशाळेत माझ्याभोवती यंत्रं आहेत, भिंतीवर परदेशी प्रमाणपत्रं आहेत. पण वीस वर्षांपूर्वी इथे बहरीनमध्ये, मुहर्रकच्या मोतीवाल्यांमध्ये बाईमाणूस बसत नव्हतं, तेव्हा या माणसाने आपल्या दुकानात उत्तरेच्या खिडकीशी माझ्यासाठी एक तक्क्या टाकला. शेजारचे व्यापारी कुरकुरले. "मोत्याला विचारा, त्याची काही हरकत आहे का," असं म्हणून त्यांनी माझ्यासमोर लाल कापड पसरलं आणि मूठभर मोती ओतले.

त्यांचं नाव मुहन्ना, पण थोरल्या मुलाचे, शाहीनचे वडील म्हणून सगळे त्यांना बू शाहीन म्हणतात. वय ब्याऐंशी. आजोबा पाणबुडे, वडील व्यापारी, स्वतः तिखट. दुकानात सकाळी नऊ ते अकरा एवढंच बसायचं, कारण त्यानंतरचा उजेड मोत्याची लबाडी झाकतो असं त्यांचं म्हणणं. कुणी मोती दिव्याखाली धरला की खेकसायचे, "नवरी दाखवतोयस की माल?" पेरलेला मोती, म्हणजे माणसाने शिंपल्यात मणी सारून पिकवलेला, बहरीनमध्ये आणायला कायद्यानेच बंदी आहे, आणि त्यांच्या उंबऱ्याच्या आत तर तो कधी आलाच नाही. एखाद्या सरावरून दोन व्यापाऱ्यांचं जमेना, की तो सर त्यांच्याकडे यायचा. ते बघायचे, "समुद्राचा" म्हणायचे, आणि वाद मिटायचा. कागद नाही, शिक्का नाही. या एका शब्दावर त्यांचं सगळं आयुष्य उभं होतं.

आता बाजारात नवी डोकेदुखी आली आहे. हल्ली मोती पेरताना आत मणी घालतच नाहीत, त्यामुळे साधा एक्स-रेसुद्धा फसतो. म्हणून आम्ही नवं यंत्र आणलं. ते मोती न कापता त्याच्या आतले शेकडो थर दाखवतं. पण त्या यंत्राला शिकवायला आधी असे मोती हवेत, ज्यांच्या जन्माबद्दल तिळभर शंका नाही. असे मोती कुठून आणायचे? मी सरळ बू शाहीनांच्या घरी गेले.

ते आत गेले आणि बायकोचा, शम्माचा सर घेऊन आले. तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

"एक्कावन्न आहेत," सर माझ्या ओंजळीत सोडत ते म्हणाले. "एकेक मी निवडलाय. तुझ्या त्या डब्याला दे शिकायला."

"बू शाहीन, हा कशाला? दुसरा एखादा द्या ना."

"मोत्याला अंग लागतं, पोरी. पेटीत पडून मरायला लागलाय. तिच्या गळ्यात घातला तेव्हा शेवटचा नीट पाहिला होता मी. दिलेल्या मोत्याला परत चाळणी लावायची नाही, हा माझ्या बापाचा दंडक. तू लाव आता."

मी लावली. पंचवीस मोती निर्मळ निघाले. सव्विसावा, मधोमधचा, सगळ्यात मोठा, आत गोल गुळगुळीत मणी आणि वर पातळ साल. तीनदा तपासला. नवं यंत्रसुद्धा लागलं नसतं, इतका तो उघडउघड पेरलेला होता. पुढचे पंचवीस पुन्हा निर्मळ.

खोटं कशाला बोलू, तो एक गुपचूप गाळून पन्नासांचाच अहवाल लिहावा असं माझ्या मनात आलं. पण ज्यांनी नजर दिली त्यांच्याच डोळ्यांत धूळ फेकायची? मी चित्र घेऊन त्यांच्याकडे गेले.

त्यांनी ते खिडकीशी धरलं, बराच वेळ धरलं.

"हा मी घेतला तेव्हा बावीस वर्षांचा होतो. डोळे गरुडासारखे होते म्हणे."

"चूक कुणाचीही होते, बू शाहीन."

"कुणाचीही होऊ दे. माझी होऊन चालत नाही. घरातल्याच मोत्यात फसलो, मग साठ वर्षांत किती लोकांना फसवलं असेन?"

दुसऱ्या दिवशी ते व्यापाऱ्यांच्या बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, "आजपासून माझा शब्द धरू नका." एवढंच बोलून बाहेर पडले. दुकानाला कुलूप लागलं. बाजारातून जाताना मला टोमणे बसू लागले. "काय बद्रिया, म्हाताऱ्याला घरी बसवलंस ना तुझ्या मशीनने?" शाहीनचा फोन आला की बाबा भाताला हात लावत नाहीत, नुसते भिंतीकडे बघत बसतात. त्या दिवशी मला माझ्या यंत्राचा मनापासून राग आला.

तिसऱ्या सकाळी मी सगळी चित्रं पुन्हा उघडली. काय शोधत होते, मलाच ठाऊक नव्हतं. मोत्यांच्या पोटात बघून झालं होतं, म्हणून त्यांची भोकं बघत बसले. पूर्वीचे कारागीर धनुकलीने फिरणाऱ्या सामत्याने, म्हणजे हातगिरमिटाने, भोक पाडायचे, अर्धं एका बाजूने, अर्धं दुसऱ्या बाजूने. दोन्ही भोकं मध्ये भेटतात तिथे केसाएवढा वाकडेपणा राहतोच. पन्नास मोत्यांत तो होता. सव्विसाव्याचं भोक मात्र सरळसोट, यंत्राने आरपार पाडलेलं. मी चपला न बदलता तशीच निघाले.

"हा तुम्ही घेतलेला मोतीच नाही," दारातूनच म्हटलं. "मागाहून कुणीतरी घातलाय. सर कोण ओवत होतं?"

रेशीम कुजतं, दर काही वर्षांनी सर पुन्हा ओवावा लागतो. बू शाहीन हळूच म्हणाले, "शम्मा. आणि तिची बहीण."

ती बहीण, उम्म गानिम, दोन गल्ल्या पलीकडे राहते. आम्ही गेलो. तिने आधी कहवा दिला, मग गोड शेवया आणि त्यावर अंड्याची पोळी, आणि आमचं म्हणणं ऐकल्यावर कपाळावर हात मारला.

"आला का दिवस! ती सुटली आणि मी अडकले."

"कुणी बदलला?" बू शाहीनांनी विचारलं.

"तिनेच. पस्तीस वर्षं झाली. मुंबईला तुमची छाती उघडली होती, आठवतंय? कसं आठवेल, शुद्ध कुठे होती! डॉक्टर म्हणाले, आठवडा काढला तर वाचतील. आमच्या मुक्कामाजवळ एक हकीम होता. तो म्हणाला, अस्सल मोती कुटून मधातून चाटवा. शम्माने लगेच सर तोडला आणि मधला काढला. मी म्हटलं, अगं कडेचा बारका दे. तर मला म्हणते, त्यांचा जीव काय बारका आहे?"

बू शाहीनांनी हातातला पेला खाली ठेवला.

"खलबत्त्यात मी कुटला, या हातांनी. गुलाबपाणी, मध आणि तो. तीन दिवस चाटवला. पहिला चमचा तुम्ही ग्लानीतच थुंकलात आणि आमच्या आईबापाचा उद्धार केलात."

"आणि हा दुसरा?"

"तिथल्याच एका दुकानातला. मापाला मापाचा शोधला तिने. परत येताना विमानतळावर गालात धरून आणला. शिपायाने विचारलं तर म्हणाली, दाढ सुजली आहे."

म्हणजे पेरलेला मोती बू शाहीनांच्या घरात आला तो त्यांच्याच बायकोच्या तोंडातून! मी हसू आवरायला शेवयांत मान घातली.

"मला सांगितलं का नाही तिने?"

"तुम्ही हकिमांना जन्मभर शिव्या घालणार, आणि ती सांगणार? म्हणाली, ते काही परत बघायचे नाहीत, बापाचा दंडक आहे."

बू शाहीन आधी खो खो हसले. मग हसता हसता रडायला लागले, आणि आम्ही दोघींनी त्यांना रडू दिलं. थोड्या वेळाने डोळे पुसून त्यांनी विचारलं, "मी वाचलो तो डॉक्टरमुळे, की तिच्यामुळे?"

"ते मला काय ठाऊक? वाचलात ना? मग खा," उम्म गानिम म्हणाली. त्यांनी ताट पुसून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी नऊला दुकान उघडलं. त्याआधी बैठकीत जाऊन त्यांनी स्वतःच सगळी कथा सांगितली, गालातल्या मोत्यासकट. व्यापारी पोट धरून हसले, आणि हसणं ओसरल्यावर एकाने आपल्या मालाची पुडी मुकाट्याने त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती खिडकीशी नेली. "समुद्राचा," ते म्हणाले. त्यांचा तो शब्द परत ऐकून मला इतकं बरं वाटलं, की देवाचे आभार मी तिथेच मानले, मोठ्याने.

मग मी गेले कामाचं बोलायला. त्यांनी सराचं रेशीम कापलं, पन्नास मोती माझ्या डबीत टाकले. सव्विसावा लाल कापडात गुंडाळून स्वतःच्या छातीवरच्या खिशात ठेवला.

"पेरलेला मोती, आणि तुमच्या खिशात?" मी चिडवलं.

"जा, तक्रार कर. तिने आणलाय तो."

"अहवालात एक्कावन्न लिहून बसले आहे मी. सव्विसाव्यापुढे काय लिहू?"

त्यांनी तळहात छातीवर ठेवला, सदऱ्याखाली मुंबईचा जुना टाका आहे तिथे.

"लिही, समुद्राचा. खरा सापडलाय. पण बाहेर काढता येत नाही."