तात्यांचा फोटो कितव्या पानावर?

मंडळाच्या मीटिंगचे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढंच लिहायचं आणि उरलेलं घरी घेऊन यायचं. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या आमच्या मराठी मंडळाचा मी चार वर्षं सेक्रेटरी होतो, त्यामुळे माझ्याकडे उरलेलंच फार आहे. सगळं नेमकं आठवतंय ना, अशी शंका लिहितानाही येतेय. पण ती मला वर्गात शिकवतानाही यायची.

*

घरोघरी ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. मंडळाची वेबसाइट करायचं ठरलं. इथेच जन्मलेली नेहा ती फुकट करून देणार होती.

"काका, ओन्ली वन क्वेश्चन. सगळं एकाच लाँग पेजवर पाहिजे, की वेगळी वेगळी पेजेस?"

"विचार करून सांगतो," मी म्हणालो. रसायनशास्त्रातला डॉक्टर मी; तीन आठवडे विचारच करत होतो.

"काका, तुमची पीएचडी किती वर्षांत झाली?"

"सात."

"ओके. मग मी वेट करते."

*

आमच्या कमिटीला काहीही बघायचं तर कागदावर, हातात लागतं. म्हणून नेहाने दोन्ही नमुने प्रिंट केले. अनेक पानांचा नमुना स्टेपल करून आणला. एका पानाचा मात्र नऊ कागद एकाखाली एक चिकटवून. खजिनदार शालिनीताईंनी तो टेबलावर उलगडला. तो चहाच्या किटलीला वळसा घालून पलीकडून खाली लोंबायला लागला.

"वेबसाइट आहे की कोणाची जन्मपत्रिका?" शालिनीताई म्हणाल्या. "मंगळ कुठे आहे तेवढं बघा."

*

मंगळ सापडला नाही, तात्या सापडले. मंडळ तात्यांनी काढलं. इथला पहिला गणपती त्यांच्या फ्रंटरूममध्ये बसला होता. त्यांचा फोटो आठव्या कागदावर होता, म्हणजे कार्पेटपासून वीतभर उंच.

"शेवटी ठेवलंत ते ठीक आहे," तात्या वाकून बघत म्हणाले, "पण पायाशी?"

सगळे हसले, तेही हसले. फोटो वर घ्यावा, तर शालिनीताई म्हणाल्या, "आधी हॉलचा पत्ता. मागच्या गणपतीला अर्धे लोक लायब्ररीत जाऊन बसले होते." तेही खरंच होतं.

मग कार पार्कमध्ये तात्यांनी मला बाजूला घेतलं. "माझ्याकडे कॉम्प्युटर नाही रे. पण लोक बघतील ना मला?"

*

मी अनेक पानांच्या बाजूने निर्णय दिला. तात्यांना 'इतिहास' नावाचं स्वतंत्र पान मिळालं.

"तिथे जायला बटण दाबावं लागतं ना?" तात्यांनी विचारलं. "कोण कशाला दाबेल?"

हा मुद्दा तीन आठवड्यांत माझ्या डोक्यात आला नव्हता.

नेहाने प्रत्येक पानाखाली काउंटर लावला होता. पान जितक्या वेळा उघडेल तितका आकडा चढायचा. पहिल्या आठवड्यात हॉलच्या पत्त्याचं पान शहाऐंशी. इतिहास चार. त्यातले तीन मी. चौथी नेहा, पान चालतंय का बघायला.

रविवारी तात्यांचा फोन. "काय आकडा?"

तेव्हापासून सकाळच्या चहानंतर मी ते पान रोज एकदा उघडू लागलो. प्रयोगाचं रीडिंग मनाने लिहायचं नाही, असं मुलांना आयुष्यभर बजावलं होतं. मी मनाने लिहीत नव्हतो. मी रीडिंग घडवत होतो. या दोन्हींत फरक आहे, असं मला अजून पूर्णपणे पटलेलं नाही.

*

मग पुतणीच्या लग्नाला तीन आठवडे पुण्याला जावं लागलं. तिथे माझं लक्ष अक्षतांपेक्षा रविवारांवरच जास्त. तात्यांना दर रविवारी आकडा सांगायचं काम शालिनीताईंकडे दिलं होतं. तो हलत का नाही, हे तात्यांनी विचारलं तर?

परत आल्यावर बॅग न उघडता आधी कॉम्प्युटर उघडला. एकवीस दिवसांत आकडा त्रेसष्टने वाढला होता, म्हणजे रोज तीनने.

पुढच्या मीटिंगला तात्या सर्दीमुळे आले नव्हते. मी सहज म्हणालो, "इतिहासाच्या पानाला हल्ली बरीच गर्दी असते."

सगळे आपापल्या कपात बघत राहिले. मग शालिनीताई म्हणाल्या,

"मी काही रोज उघडत नाही हं."